दिसतंय तेवढंच

एक्स-रेला हृदयाची झडप दिसत नाही. कॅथलॅबमध्ये टेबलावर झोपलेल्या रुग्णाच्या छातीतून एक्स-रे आरपार जातात, पडद्यावर बरगड्या, मणके, वायर, कॅथेटर सगळं स्वच्छ उमटतं. पण ज्या झडपेसाठी हा सगळा खटाटोप चाललेला असतो, तिच्या पातळ पाकळ्या त्या चित्रात कुठेच नसतात. झडपेवर चुना साचला असेल तर त्याचा ठिपका हलताना दिसतो, एवढंच. पाकळ्या दाखवायला इको लागतो. म्हणून छाती न उघडता झडप दुरुस्त करायच्या किंवा बदलायच्या अनेक प्रक्रियांत, वायर हातात धरलेल्या डॉक्टरच्या शेजारी दुसरा एक डॉक्टर इकोचा प्रोब धरून उभा असतो आणि सांगत राहतो: अजून मागे घ्या, थोडं वर, आता कप्प्यांमधल्या पडद्याला टेकलात, थांबा. माझी बरीच वर्षं हे सांगण्यात गेली.

इको रूममध्ये मी एकटी असते. चित्र बघते, फिरवून बघते, मोजते, शंका आली तर पुन्हा मोजते आणि मग रिपोर्ट लिहिते. कॅथलॅबमध्ये ती सवड नाही. माझ्या तोंडून शब्द निघाला की पुढच्या क्षणी समोरच्याचा हात हलतो आणि त्या हाताचं टोक एका जिवंत माणसाच्या हृदयात असतं. इतक्या वर्षांत काय शिकलात, असं कोणी विचारलं तर मी यंत्रांबद्दल फार बोलणार नाही. यंत्रं बदलत गेली आणि ती वापरायला शिकता येतं. जे दिसतं तेवढंच बोलायचं, दिसत नसेल तर तसं मोठ्याने म्हणायचं आणि पुरे झालं असेल तर पुरे म्हणायला कचरायचं नाही, हे अंगी बाणायला मात्र फार वेळ लागतो.

मी शिकले मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात. तिथल्या ओपीडीत मायट्रल स्टेनोसिसचे, म्हणजे डावीकडच्या दोन कप्प्यांमधली झडप आक्रसलेले रुग्ण रोजचेच. त्यांत बायका जास्त, वीस ते चाळीस वयाच्या. लहानपणी कधीतरी घसा धरला, ताप आला, गुडघे-घोटे सुजले, कोणी वाढीचं दुखणं म्हणालं, पंधरा दिवसांत सगळं उतरलं आणि घरचे विसरून गेले. स्ट्रेप्टोकोकस जंतूंनी झालेल्या त्या घसादुखीपाठोपाठ ऱ्हुमॅटिक ताप आलेला असतो आणि जंतूंविरुद्ध जागी झालेली शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच झडपेला इजा करून जाते. पुढे वर्षानुवर्षं झडप जाड होत राहते, पाकळ्या कडेच्या सांध्यांवर एकमेकींना चिकटतात. निरोगी मायट्रल झडप उघडली की रक्ताला 4 ते 6 चौरस सेंटीमीटरची वाट मिळते. ती दीडवर किंवा त्याखाली आली की आजार गंभीर धरतात; एकच्याही खाली गेली की जिना चढणं सोडाच, रात्री आडवं पडणंही जड जातं.

इकोचा जन्मच या झडपेपायी झाला. स्वीडनमधल्या लुंड शहरातले हृदयतज्ज्ञ इंगे एडलर यांच्यावर शस्त्रक्रियेआधी रुग्णांची तपासणी करण्याची जबाबदारी होती आणि झडप अरुंद आहे की गळकी, हे त्यांना खात्रीने कळत नव्हतं. धातूतल्या भेगा शोधण्यासाठी जहाजबांधणीच्या कारखान्यात ध्वनिलहरींचं यंत्र वापरतात हे समजल्यावर भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुथ हर्ट्झ यांना बरोबर घेऊन त्यांनी तसलं यंत्र उसनं आणलं आणि 1953 साली हृदयाचे पहिले प्रतिध्वनी टिपले. पुढे 1984 साली जपानचे शल्यचिकित्सक कांजी इनोउए यांनी या झडपेसाठी खास घडवलेल्या बलूनचं काम प्रसिद्ध केलं. मांडीच्या शिरेतून वर जायचं, वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा सुईने भेदून डावीकडे उतरायचं, तिथून झडपेत बलून न्यायचा. बलूनचं पुढचं टोक आधी फुगतं, ते झडपेला ओढून टेकवायचं, मग मागचं टोक फुगतं, काही क्षण बलून डमरूसारखा झडपेत अडकून बसतो आणि शेवटी मधला भाग फुगला की चिकटलेले सांधे सुटतात. सगळा खेळ पाच-सहा सेकंदांचा. आपल्याकडे या एका बलूनने किती संसार सावरले असतील त्याची गणती नाही.

पण तो बलून कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, हे इकोच ठरवतो. पाकळ्यांची हालचाल, जाडी, चुना आणि पाकळ्यांना खालून धरणाऱ्या दोऱ्यांची अवस्था या चार गोष्टींना प्रत्येकी 1 ते 4 गुण देण्याची पद्धत 1988 पासून रूढ आहे, विल्किन्स स्कोअर. बेरीज 8 किंवा कमी असेल तर बलूनला झडप चांगली साथ देण्याची शक्यता जास्त. शिकाऊ असताना आम्ही ही बेरीज पाठ असल्यासारखी करायचो. पुढे कळत गेलं की बेरजेपेक्षा सांधे बघणं महत्त्वाचं. आठ गुणांची झडप असून एका सांध्यात चुन्याचा खडा असेल तर बलून त्या सांध्याला सोडून जिथे कमजोर तिथे पाकळी फाडतो. मग अरुंद झडपेच्या जागी धो धो गळणारी झडप हाती येते आणि रुग्णाला रातोरात ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागतं. म्हणून दोन्ही सांधे स्वतंत्रपणे, सावकाश बघितल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही.

कॅथलॅबमध्ये पहिली अडचण आली ती साध्या बोलण्याची. मी म्हणायची ‘डावीकडे’, आणि प्रक्रिया करणारे सर विचारायचे, ‘कोणाच्या डावीकडे?’ प्रश्न रास्त होता. रुग्णाची डावी बाजू वेगळी, सरांची वेगळी, इकोच्या पडद्यावरची वेगळी आणि एक्स-रेच्या चित्रातली आणखी वेगळी. सुई कप्प्यांमधल्या पडद्याला टेकलेली असताना हा घोळ परवडत नाही. समोरच्या बाजूला महारोहिणी असते आणि मागे कप्प्याची भिंत. दोन्हीकडे चुकीची सुई गेली तर रक्त हृदयाभोवतीच्या आवरणात साचतं. शेवटी आम्ही ठरवून टाकलं: डावं-उजवं हे शब्दच वापरायचे नाहीत. पुढे म्हणजे महारोहिणीकडे, मागे म्हणजे पाठीच्या कण्याकडे, वर म्हणजे डोक्याकडे, खाली म्हणजे पायांकडे. सुरुवातीला सिस्टरसुद्धा आमचं ‘मागे-मागे, कण्याकडे’ ऐकून हसायच्या. पण नवीन कोणी टीममध्ये आलं की आजही मी सुई उघडण्यापूर्वी हे चार शब्द आधी पक्के करून घेते.

सहाव्या महिन्यातली एक बाई मराठवाड्यातून आमच्याकडे आली होती. महिनाभर बसून झोपत होती. गावात सगळे म्हणत होते रक्त कमी आहे, बाळंतपण जवळ आलं की धाप लागतेच. लोहाच्या गोळ्या चालू होत्या. गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, नाडीचा वेग वाढतो, डावीकडच्या वरच्या कप्प्यातलं रक्त अरुंद झडपेतून उतरायला मिळणारा वेळ कमी होतो. आजवर झडपेने गुपचूप सोसलेला आजार मग एकदम वर येतो आणि फुप्फुसात पाणी भरू लागतं. मी प्रोबला जेल लावलं तशी तिची सासू म्हणाली, ‘सोनोग्राफी कालच झाली की मॅडम, परत कशाला?’ ही बाळाची नाही, हिच्या काळजाची आहे, असं सांगितल्यावर ती गप्प बसली. भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी होतीच. इकोच्या यंत्रालाही त्या कायद्याखाली नोंदणी लागते. (कायद्यामागचा हेतू मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्यामुळे गावोगाव शिबिरात इको यंत्र न्यायचं म्हटलं की परवानग्यांचं काम किती वाढतं, हेही सांगितलं पाहिजे. ज्या मुलींच्या झडपा लवकर सापडायला हव्यात, त्या शिबिरातच सापडतात.)

तिची झडप 0.8 चौरस सेंटीमीटर होती. पाकळ्या लवचीक, सांध्यांत चुना नाही. अशा रुग्णाला बलून म्हणजे वरदान, पण पोटात बाळ असल्यामुळे एक्स-रे जितके कमी तितके बरे. पोटाभोवती शिशाचं आवरण गुंडाळलं, तिला थोडं डाव्या कुशीवर कललेलं ठेवलं, कारण पूर्ण उताणं झोपवलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो. घशात बधिर करणारा स्प्रे मारून आधी अन्ननलिकेतून इको केला, कप्प्यात गुठळी नाही याची खात्री केली आणि ती नळी काढून घेतली. अन्ननलिका डाव्या कप्प्याला अगदी पाठीमागून चिकटून जाते, त्यामुळे तिथून दिसणारं चित्र छातीवरून दिसणाऱ्यापेक्षा कितीतरी स्पष्ट असतं. पण जाग्या, दमलेल्या बाईच्या घशात ती नळी फार वेळ ठेवणं मला पटत नाही. पुढचं सगळं छातीवरूनच करायचं ठरवलं.

सर म्हणाले, ‘मॅडम, मी पॅडलवरून पाय काढतोय. तुम्ही सांगा.’

पॅडलवरून पाय काढला की एक्स-रे बंद. आता त्यांच्यासमोरचा पडदा थिजलेला आणि माझ्यासमोर तिचं धडधडणारं हृदय. सुईचं टोक पडद्याला टेकलं की पडदा तिथे डावीकडे उचलला जातो. तो उंचवटा मी शोधत होते. आधी तो पुढच्या बाजूला, महारोहिणीच्या जवळ दिसला. ‘पुढे आहात, मागे घ्या.’ सुई फिरली. ‘अजून थोडं.’ उंचवटा पडद्याच्या मधल्या पातळ भागावर सरकला. मी दुसऱ्या दिशेने प्रोब फिरवून पुन्हा बघितलं, तिथूनही तेच. ‘इथे. जा.’ पडदा एकदम खाली बसला, सुई पार झाली.

बलूनचं माप उंचीवरून काढतात: सेंटीमीटरमधल्या उंचीला दहाने भागायचं आणि त्यात दहा मिळवायचे. दीडशे सेंटीमीटर उंचीच्या बाईला 25 मिलिमीटर. सुरुवात त्याहून कमी मापाने करायची आणि प्रत्येक फुगवण्यानंतर इको बघायचा. पहिल्या फुगवण्यानंतर एक सांधा सुटला, क्षेत्रफळ 1.3. दुसऱ्यांदा माप एक मिलिमीटरने वाढवलं, दुसरा सांधाही सुटला, 1.7, गळती नावापुरती. सरांनी विचारलं, ‘अजून एक मिलिमीटर?’ मी नको म्हटलं. सर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि बलून बाहेर काढला. आणखी थोडं मिळवण्याच्या नादात पाकळी फाटली असती तर त्याची किंमत दोन जिवांनी मोजली असती. तिला बाळंतपण पार पाडण्यापुरती वाट हवी होती आणि ती मिळाली होती. टेबलावर असतानाच ती म्हणाली, ‘छातीवरचं ओझं उतरलं.’ हे वाक्य मी अनेकींकडून ऐकलं आहे, कारण डाव्या कप्प्यातला दाब खरोखरच त्या क्षणी उतरलेला असतो. दर वेळी तितकंच बरं वाटतं.

सगळ्यांनाच बलून मिळत नाही. कोकणातून एक जोडपं आलं होतं. बायकोच्या हृदयाचे ठोके अनियमित झालेले, कप्पा मोठा झालेला. सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी आलेली, खाट मिळालेली, दुसऱ्या दिवशीची तारीख. संध्याकाळी अन्ननलिकेतून इको केला. डाव्या कप्प्यात रक्त इतकं संथ फिरत होतं की त्याचा पांढुरका भोवरा उठत होता. आमच्या बोलीत त्याला ‘स्मोक’ म्हणतात. आणि कप्प्याला जोडलेल्या छोट्या पिशवीत, जिथे रक्त सगळ्यांत संथ असतं, गुठळी होती. त्या कप्प्यात वायर फिरवली आणि गुठळीचा तुकडा सुटला तर तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो. मी प्रक्रिया थांबवली. नवरा म्हणाला, ‘इतक्या लांबून आलो मॅडम, सुट्टी काढून, लोकांकडून पैसे घेऊन.’ त्याला काय उत्तर द्यावं हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी त्याला स्क्रीनजवळ बोलावलं आणि गुठळी दाखवली. हा फिरतोय तो धूर आणि हा कोपऱ्यात बसलाय तो गोळा; हा निघून डोक्यात गेला तर हिचा हात-पाय जाईल. त्याने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘औषधाने विरघळेल?’ विरघळण्याची शक्यता आहे, एवढंच मी म्हटलं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू केल्या, रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर 2 ते 3 मध्ये राहायला हवा हे समजावलं, तालुक्याला ती तपासणी कुठे होते ते शोधून दिलं. तीन महिन्यांनी गुठळी गेली होती आणि बलून झाला. दुसऱ्या एका रुग्णाची गुठळी मात्र गेली नाही आणि त्याला शस्त्रक्रियेला पाठवावं लागलं. तेव्हापासून रुग्णाच्या माणसांना चित्र दाखवल्याशिवाय मी ‘नाही’ म्हणत नाही. नकार दिसला की तो पचवायला थोडा तरी सोपा जातो.

मधल्या काळात त्रिमितीय इको आला. आधी आम्ही सपाट काप बघून झडपेचं चित्र मनात जुळवायचो आणि ते शब्दांत सांगायचो. आता झडप समोर उघडझाप करताना दिसू लागली, शल्यचिकित्सकाला छाती उघडल्यावर दिसते तशी, महारोहिणी वर बाराच्या ठिकाणी ठेवून. त्या दिवसापासून सरांना माझ्या शब्दांवर अवलंबून राहण्याची गरज कमी झाली, ते स्वतः माझ्या स्क्रीनकडे बघू लागले. माझ्या कामातलं हे सगळ्यांत मोठं वळण. पण या देखण्या चित्राचा एक धोका आहे, आणि तो मी कळकळीने सांगते. त्रिमितीय चित्रात यंत्र माहिती भरून काढतं, प्रकाश पाडतं, रंग देतं. गेन, म्हणजे सिग्नलची तीव्रता, कमी केला तर धडधाकट पाकळीला भोक दिसतं, वाढवला तर खरं भोक बुजतं. चित्र जितकं सुंदर तितकी त्याची सपाट कापांत उलटतपासणी करायला हवी.

याची खरी कसोटी लागते ती क्लिपच्या वेळी. गळक्या मायट्रल झडपेच्या दोन पाकळ्या मध्यभागी एका टाक्याने जोडायची शस्त्रक्रिया इटलीतले शल्यचिकित्सक ओत्ताव्हिओ आल्फिएरी यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला केली. तेच काम शिरेतून चिमटा नेऊन करता येईल, या कल्पनेतून क्लिप आली. 2003 साली ती प्रथम माणसात वापरली गेली. आपल्याकडे ती उशिरा आली आणि किंमत आजही लाखांत आहे. या प्रक्रियेत एक्स-रेचं काम थोडं आणि इकोचं काम जवळजवळ सगळं. पडदा कुठे भेदायचा हेसुद्धा इथे मिलिमीटरमध्ये ठरतं: झडपेच्या पातळीपासून चारेक सेंटीमीटर उंचीवर, मागच्या बाजूला. उंची कमी पडली तर चिमट्याला वळायला जागाच उरत नाही.

एका वयस्कर गृहस्थांची क्लिप चालली होती. शस्त्रक्रिया झेपणार नाही म्हणून हा मार्ग घेतलेला. चिमट्याचे दोन हात उघडे, दोन्ही पाकळ्या त्यांवर येऊन पडल्या की मिटायचं. तिसऱ्या तासाला चिमटा मिटला, रंगीत डॉप्लरमधली गळती एकदम कमी दिसली, खोलीत सगळ्यांचे खांदे सैल झाले. कोणीतरी ‘सुंदर’ म्हणालं. मी मागची पाकळी शोधत होते. ती चिमट्यात किती आत गेली आहे हे बघायचं होतं आणि नेमकी तिथेच धातूची सावली पडत होती. ‘मागची पाकळी दिसत नाही,’ मी म्हटलं. सर म्हणाले, ‘गळती तर गेलीय.’ मी म्हटलं, ‘गेलीय, पण पाकळी दिसत नाही.’

अशा वेळी खोलीतलं वातावरण जड होतं. सगळे थकलेले असतात, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघत असतात आणि आपण एकटेच आनंदावर पाणी ओततोय असं वाटतं. पण पाकळी नुसती टोकाला पकडली गेली असेल तर चिमटा सोडल्यावर, आज ना उद्या, एका बाजूने सुटतो, मग गळती आधीपेक्षा वाढते. मी प्रोब थोडा आत ढकलून, कोन बदलून तिसरीकडून खिडकी शोधली. तिथून दिसलं: मागची पाकळी जेमतेम कडेने धरली गेली होती. चिमटा उघडला, पुन्हा पाकळ्या येऊ दिल्या, पुन्हा पकडलं. या वेळी दोन्ही पाकळ्या खोलवर आत दिसल्या. तेव्हाच म्हटलं, सोडा.

पण चिमटा सोडण्याआधी आणखी एक काम होतं. भूल दिलेल्या माणसाचा रक्तदाब खाली असतो आणि कमी दाबाला झडप कमी गळते. तेवढ्यावर खूश होऊन रुग्णाला घरी पाठवलं तर तो जागा होऊन चालायला लागल्यावर गळती पुन्हा हजर. म्हणून भूलतज्ज्ञांना औषध देऊन दाब वर आणायला सांगितलं आणि मग गळती मोजली. थोडी उरली होती. दुसरी क्लिप लावावी का, यावर चर्चा झाली. झडपेतला सरासरी दाबफरक एका क्लिपनंतर 4 होता. दुसरी लावली असती तर तो पाचच्या वर जाऊन गळक्या झडपेची अरुंद झडप झाली असती. थोडी गळती राहू द्यायचं ठरलं. हा निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला आणि तो मला आजही योग्य वाटतो.

महारोहिणीच्या झडपेची गोष्ट वेगळी. फ्रान्समधल्या रूआं इथे आलँ क्रिबिए यांनी 16 एप्रिल 2002 रोजी शिरेतून पहिली कृत्रिम महारोहिणी झडप बसवली आणि टावीचं युग सुरू झालं. आज गुजरातमधल्या वापीत तयार झालेल्या झडपा आपल्याकडे बसवल्या जातात. सुरुवातीला प्रत्येक टावीला पूर्ण भूल आणि अन्ननलिकेतून इको असायचा. मग झडपेचं माप सीटी स्कॅनवर घेऊ लागले, रुग्णाला जागं ठेवून, मांडीला बधिर करून काम होऊ लागलं आणि इकोवाल्यांची गरज संपली असं बरेच जण म्हणू लागले. रुग्णाला भूल लागत नाही, दोन-तीन दिवसांत घरी जातो, याचा मला आनंदच आहे. पण इकोचा डॉक्टर खोलीबाहेर गेला तर काय होतं, हे ज्याने अनुभवलंय तो तसं म्हणणार नाही.

निवृत्त शिक्षक असलेल्या एका आजोबांची टावी झाली. झडप छान बसली. आणि दोन मिनिटांत रक्तदाब साठवर आला. खोलीत एकच धावपळ. हाताशी अॅड्रिनलिन तयार. या क्षणी कारणं चार-पाच असू शकतात: हृदयाभोवती रक्त साचलं, हृदयाला रक्त देणारी वाहिनी झाकली गेली, झडपेच्या कडेने मोठी गळती झाली, मांडीतून रक्तस्राव झाला. मी बरगडीखाली प्रोब ठेवला. आवरणात रक्त नव्हतं. छातीवर सरकले. झडपेच्या कडेने गळती नगण्य. डावीकडचा खालचा कप्पा मात्र बारका, रिकामा, जाड भिंती एकमेकींना भिडताहेत, आणि कप्प्याच्या आतच रक्ताची वाट अडते आहे. वर्षानुवर्षं अरुंद झडपेशी झुंजून जाड झालेल्या हृदयासमोरचा अडसर एकदम निघाला होता आणि ते जास्तच जोराने आवळत होतं. अशा हृदयाला अॅड्रिनलिन दिलं तर ते आणखी आवळतं आणि दाब आणखी पडतो. ‘अॅड्रिनलिन नको. सलाइन सोडा. हृदय रिकामं आहे.’ सलाइन भराभर गेलं, ठोके मंद करणारं औषध सांभाळून दिलं, दाब हळूहळू वर आला. तोच खालावलेला रक्तदाब, मॉनिटरवर तेच आकडे, आणि उपचार नेमके उलटे. कारण कोणतं, हे आकड्यांनी सांगितलं नसतं.

या कामाच्या दुसऱ्या बाजूबद्दलही बोलायला हवं. क्लिपसारख्या प्रक्रियेत इकोचा डॉक्टर रुग्णाच्या डोक्याजवळ, भूलतज्ज्ञाशेजारी उभा असतो. वायर धरणाऱ्या डॉक्टरसमोर छतावरून लोंबणारी शिशाची काच असते. ती आमच्या बाजूला पोचत नाही. एका ठिकाणी आमच्यासाठी वेगळा शील्ड मागितला तर ‘तुम्ही काय थोडाच वेळ असता’ असं उत्तर मिळालं. आम्ही पूर्ण वेळ असतो, कित्येकदा टेबलाच्या सगळ्यांत जवळ. शील्ड शेवटी मिळाला, पण अनेक महिने पत्रं लिहावी लागली. तरुण डॉक्टर मुलींना मी स्पष्ट सांगते: लेड अॅप्रन आणि गळ्याचा पट्टा घातल्याशिवाय खोलीत पाय ठेवू नका, डोसीमीटर लावा आणि शील्ड मागताना लाजू नका.

शिकायला येणाऱ्यांना मी एक अभ्यास करायला लावते. एकजण स्क्रीनकडे पाठ करून कागद-पेन्सिल घेऊन बसतो, दुसरा इको बघत त्याला सांगतो. सांगणाऱ्याने ‘इथे’, ‘तिथे’ म्हणायचं नाही. बघणाऱ्याला जे दिसतंय ते कागदावर उतरलं की नाही, ते मग सगळे मिळून तपासतात. हुशार मुलंसुद्धा पहिल्या आठवड्यात गडबडतात, कारण आजवर त्यांना कोणी चित्र बोलून दाखवायला सांगितलेलं नसतं. महिन्याभरात फरक पडतो.

या सगळ्या महागड्या, देखण्या तंत्रांच्या गर्दीत ऱ्हुमॅटिक झडपेचे रुग्ण मागे पडताहेत, याचा मला मनापासून त्रास होतो. परिषदांमध्ये दिवसभर टावी आणि क्लिपवर बोललं जातं. आणि ओपीडीत अजूनही पंचविशीतली बाई धाप घेऊन येते, जिच्या झडपेचा आजार पेनिसिलिनच्या इंजेक्शनने रोखता आला असता. बलून झाला म्हणजे आजार संपला असंही नाही. घसादुखी पुन्हा झाली तर झडपेला पुन्हा इजा होऊ शकते, म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी, निदान चाळिशीपर्यंत चालू ठेवावं लागतं. रिअॅक्शनच्या भीतीने गावातले कित्येक डॉक्टर ते देत नाहीत, कधी औषधच मिळत नाही, आणि बरं वाटू लागलं की रुग्णही येईनासे होतात. बलूननंतर घरी जाताना रुग्णाला जो छापील इंग्रजी कागद मिळतो, त्याला जोडून मी एक पान हाताने मराठीत लिहून देते: पुढचं इंजेक्शन कोणत्या तारखेला, ते कोणत्या चाचणीनंतर द्यायचं, आयएनआर कधी, पुढचा इको कधी. गावातल्या उपकेंद्रात हा कागद बहुतेक वेळा सिस्टर वाचतात आणि इंजेक्शनही त्यांनाच द्यायचं असतं.